कॉन्स्टन्टाइन कवाफी

कॉन्स्टन्टाइन पेत्रू कवाफी (ग्रीक उच्चार: कोन्स्तान्दिनोस पेत्रू कवाफिस, जन्म: २९ एप्रिल १८६३, अलेक्झांड्रिया, मृत्यू: २९ एप्रिल १९३३, अलेक्झांड्रिया) हे आधुनिक ग्रीक भाषेतील एक श्रेष्ठ कवी होते. त्यांचा जन्म, बहुतांश आयुष्य आणि मृत्यू इजिप्तच्या अलेक्झांड्रिया या बंदरात झाला. ग्रीसमध्ये त्यांचे वास्तव्य काही अल्पकालीन भेटींपुरतेच राहिले. तीस वर्षे त्यांनी ब्रिटिश अधिपत्याखालील इजिप्तच्या पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. हयातीत त्यांनी आपल्या कवितांचे एकही पुस्तक विक्रीसाठी प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या मान्य कवितांची संख्या १५४ आहे.

एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक भाषा व धर्मांची जी बंदरे भरभराटीस आली, त्यांच्या उदयास्ताशी कवाफी यांचे चरित्र निगडित आहे. त्यांचे घराणे कापसाच्या व्यापारात श्रीमंत झाले आणि त्याच व्यापाराच्या चढउतारांत लयाला गेले. त्यानंतर मध्यमवर्गीय नोकरदार म्हणून ते त्याच शहरात राहिले. गमावलेले शहर आणि त्यानंतरचे जगणे हा त्यांच्या कवितेचा एक प्रमुख विषय आहे.

पार्श्वभूमी: बंदराचा पुनर्जन्म

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलेले अलेक्झांड्रिया हे प्राचीन काळी टॉलेमी राजांची राजधानी व विद्येचे मोठे केंद्र होते. इ.स. १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य तेथे उतरले, तेव्हा मात्र ते काही हजार वस्तीचे लहान गाव उरले होते. १८०५ मध्ये सत्तेवर आलेले मुहम्मद अली यांनी या बंदराला नवे जीवन दिले. त्यांनी सक्तीच्या मजुरीने महमूदिया कालवा खोदवून १८२० च्या सुमारास बंदर नाईल नदीशी जोडले. या कामावर असंख्य इजिप्शियन शेतकऱ्यांचे प्राण गेले. कालव्यामुळे शहराला गोडे पाणी मिळाले आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील माल नावेने थेट बंदरात येऊ लागला. याच दशकात इजिप्तमध्ये लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू झाली. पुढील शतकभर शहराची संपत्ती प्रामुख्याने या कापसावर उभी राहिली.

मुहम्मद अली यांचा जन्म एजियन किनाऱ्यावरील कवाला या बंदरातला होता. त्यांनी ग्रीक व्यापाऱ्यांना उत्तेजन दिले. त्यांच्यापाठोपाठ इटालियन, ज्यू, सीरियन, आर्मेनियन, माल्टी व फ्रेंच लोक आले. अलेक्झांड्रियातील ग्रीक समाजाची संघटना १८४३ मध्ये स्थापन झाली. तिने शाळा, रुग्णालय व चर्च चालवले. परकीय नागरिकांना ऑटोमन साम्राज्यातील जुन्या करारांमुळे विशेष सवलती होत्या. हे करार कॅपिट्युलेशन्स या नावाने ओळखले जात. त्यांनुसार परकीयांचे बहुतेक खटले त्यांच्या देशाच्या वकिलातीपुढे चालत आणि त्यांच्यावर स्थानिक कर लादणे कठीण असे. शहराच्या बहुभाषिक समृद्धीमागे व्यापार व सहवास होता, तशी ही कायदेशीर विषमताही होती.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि इजिप्तच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. नेमक्या याच वर्षांत वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसामुळे मुंबईतही पैशाचा पूर आला होता आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तेथील शेअर बाजार कोसळला. ही दोन्ही बंदरे एकाच व्यापारी साखळीचे दुवे होती. खिऑस बेटावरील ग्रीक घराण्याची राली ब्रदर्स ही पेढी भूमध्य समुद्रापासून कलकत्ता व मुंबईपर्यंत व्यवहार करीत असे. कवाफी यांचा जन्म याच तेजीच्या मध्यावर झाला.

जन्म व कुटुंब

कवाफी यांचे वडील पेत्रोस-इओआनिस हे कॉन्स्टन्टिनोपल येथील ग्रीक व्यापारी होते. त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वही मिळवले होते. आई खारिक्लिया ही त्याच शहरातील फोतिआदिस या हिरेव्यापारी घराण्यातील होती. कवाफी बंधूंच्या पेढीची कार्यालये लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, कॉन्स्टन्टिनोपल व अलेक्झांड्रिया येथे होती. इजिप्तचा कापूस व धान्य इंग्लंडला पाठवणे आणि मँचेस्टरचे कापड पूर्वेकडे आणणे हा तिचा मुख्य व्यवसाय होता.

नऊ अपत्यांपैकी कॉन्स्टन्टाइन हे सर्वांत धाकटे. शहरातील प्रतिष्ठित शरीफ पाशा रस्त्यावरील घरात त्यांचा जन्म झाला. पुढे कवाफी यांनी आपल्या घराण्याची वंशावळ टिपून ठेवली. तीनुसार वैभवाच्या काळात घरात इंग्लिश दाई, फ्रेंच शिक्षक, इटालियन गाडीवान व इजिप्शियन नोकर होते. शहरातील समाजरचनेचे हे लहानसे प्रतिरूप होते. त्यात अनेक भाषा एकत्र नांदत, पण कोणत्या समाजाच्या वाट्याला कोणते काम यावे हेही बरेचसे ठरलेले असे.

इंग्लंडमधील वास्तव्य आणि पेढीचा अस्त

१८७० मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा कॉन्स्टन्टाइन सात वर्षांचे होते. १८७२ मध्ये आई मुलांसह इंग्लंडला गेली. लिव्हरपूल व लंडन येथील सुमारे पाच वर्षांच्या वास्तव्यात कॉन्स्टन्टाइन यांनी इंग्रजी आत्मसात केली. पुढेही ते टिपणे व घरगुती पत्रे बऱ्याचदा इंग्रजीत लिहीत. त्यांच्या ग्रीक उच्चारांत इंग्रजीची किंचित झाक होती, असे परिचितांनी नोंदवले आहे.

यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव उतरले होते आणि १८७३ पासून युरोपात दीर्घ मंदी सुरू झाली. इजिप्तचे शासक खेदिव्ह इस्माईल कर्जात बुडाले. १८७५ मध्ये त्यांनी सुवेझ कालव्यातील आपले भाग ब्रिटनला विकले आणि १८७६ मध्ये देशाचे कर्ज युरोपीय नियंत्रणाखाली गेले. मंदी आणि अनुभव नसलेल्या मुलांचे व्यवस्थापन यांमुळे १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कवाफींची पेढीही बंद पडली. १८७७ मध्ये कुटुंब अलेक्झांड्रियाला परतले ते साधारण परिस्थितीत. मोठे भाऊ नोकरीस लागले. कॉन्स्टन्टाइन यांनी १८८१ मध्ये कॉन्स्टन्टिनोस पापाझिस यांच्या व्यापारी विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्यांना प्राचीन ग्रीक साहित्य व इतिहासाची गोडी लागली.

१८८२ चा विध्वंस

परकीय नियंत्रणाविरुद्ध अहमद उराबी यांच्या नेतृत्वाखाली इजिप्शियन लष्करात व समाजात चळवळ उभी राहिली. ११ जून १८८२ रोजी अलेक्झांड्रियात दंगल उसळली. तीत युरोपीय व इजिप्शियन असे दोन्हीकडील लोक मारले गेले. ११ जुलै रोजी ब्रिटिश आरमाराने बंदरावरील किल्ल्यांवर तोफा डागल्या. त्यापाठोपाठ लागलेल्या आगीत व लुटालुटीत शहराच्या मध्यवर्ती भागाची राखरांगोळी झाली. त्याच वर्षी ब्रिटनने इजिप्त ताब्यात घेतला.

तोफांच्या माऱ्यापूर्वीच खारिक्लिया मुलांसह कॉन्स्टन्टिनोपलला निघून गेली होती. त्यांचे अलेक्झांड्रियातील घर या विध्वंसात गेले आणि त्याबरोबर कॉन्स्टन्टाइन यांची पुस्तके व कागदपत्रेही नष्ट झाली. त्या प्रवासाची त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. कॉन्स्टन्टिनोपल येथे आजोळी घालवलेल्या तीन वर्षांत त्यांनी कविता लिहिण्यास गांभीर्याने सुरुवात केली. ऑक्टोबर १८८५ मध्ये ते अलेक्झांड्रियाला परतले. वडिलांकडून लाभलेले ब्रिटिश नागरिकत्व सोडून त्यांनी ग्रीक नागरिकत्व स्वीकारले. शहर तोवर युरोपीय भांडवलाने पुन्हा बांधले जात होते.

पाटबंधारे खात्यातील नोकरी

परतल्यावर कवाफी यांनी स्थानिक ग्रीक वृत्तपत्रात लेखन केले आणि कापूस बाजारात दलालीचे काम केले. १८८९ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पाटबंधारे खात्यात बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. १८९२ मध्ये त्यांना तेथेच पगारी नोकरी मिळाली. परकीय नागरिक असल्यामुळे ही नेमणूक हंगामी स्वरूपाची होती आणि तिचे वेळोवेळी नूतनीकरण होई. इंग्रजी पत्रव्यवहार तपासणे व तयार करणे हे त्यांचे मुख्य काम होते. उत्पन्नाला जोड म्हणून ते शेअर बाजारातही व्यवहार करीत.

या खात्याचे काम शहराच्या संपत्तीच्या मुळाशी होते. नाईलचे पाणी कालव्यांतून कापसाच्या शेतांपर्यंत पोहोचले, तरच गाठी अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर येत. कवाफी यांच्या वडिलांनी ज्या मालाचा व्यापार केला, त्याच मालाच्या पाण्याचे कागद मुलाने तीस वर्षे हाताळले.

याच काळात कुटुंब विरळ होत गेले. १८९९ मध्ये आईचे निधन झाले आणि १८९१ ते १९०५ या काळात चार भाऊ निवर्तले. पॉल हे बंधू १९०८ मध्ये फ्रान्सला गेले आणि १९२० मध्ये तेथेच वारले. जॉन हे बंधू स्वतः इंग्रजीत कविता लिहीत. त्यांनी कॉन्स्टन्टाइन यांच्या अनेक कवितांचे इंग्रजी अनुवादही केले. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सात भावांपैकी कॉन्स्टन्टाइन एकटे उरले.

१९०७ पासून मृत्यूपर्यंत ते लेप्सियस रस्त्यावरील १० क्रमांकाच्या इमारतीत राहिले. हा भाग प्रतिष्ठित वस्तीतला नव्हता. इमारतीच्या तळमजल्यावर वेश्यागृह होते आणि जवळच संत साव्वा यांचे चर्च व ग्रीक रुग्णालय होते. कवाफी यांनी घरात वीज घेतली नाही. तेलाचे दिवे व मेणबत्त्या यांच्या प्रकाशात ते पाहुण्यांचे स्वागत करीत. अथेन्स व लंडनहून आलेले लेखक आणि शहरातील तरुण ग्रीक साहित्यिक या घरी येत.

काव्यलेखन व प्रकाशन

कवाफी यांची पहिली कविता १८८६ मध्ये लाइपझिग येथील एका ग्रीक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आरंभीच्या बहुतेक कविता त्यांनी पुढे बाद केल्या. १९०१ व १९०३ मध्ये त्यांनी अथेन्सला भेट दिली. कादंबरीकार ग्रिगोरिओस क्सेनोपुलोस यांनी १९०३ मध्ये तेथील एका मासिकात त्यांच्यावर लेख लिहून ग्रीक वाचकांना त्यांची ओळख करून दिली. १९०४ मध्ये त्यांनी चौदा कवितांची एक छोटी पुस्तिका खाजगी वितरणासाठी छापली. १९१० मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती निघाली.

त्यानंतर त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत स्वीकारली. कविता सुट्या पानांवर छापून घेत, ती पाने एकत्र बांधून निवडक वाचकांना भेट देत आणि नंतर हाताने दुरुस्त्या करीत किंवा पाने बदलीत. कोणाला कोणता संच दिला याच्या नोंदीही ते ठेवत. एका कवितेवर ते अनेक वर्षे काम करीत. शहराची सुटका नसणे हा विषय असलेली ‘शहर’ ही कविता त्यांनी १८९४ मध्ये प्रथम लिहिली आणि १९१० मध्ये प्रसिद्ध केली.

त्यांची भाषा बोलीभाषेवर आधारलेली असून तिच्यात संस्कारित ग्रीक व कॉन्स्टन्टिनोपलच्या बोलीतील रूपे मिसळलेली आहेत. उपमा व अलंकार क्वचित येतात, निवेदन कोरडे आणि उपरोधिक असते. समलिंगी प्रेमाच्या आठवणी हा त्यांच्या कवितेचा दुसरा महत्त्वाचा विषय आहे. त्या काळात असे लेखन सामाजिकदृष्ट्या धोक्याचे होते. १९१० नंतरच्या दशकात त्यांनी या कविता अधिकाधिक उघडपणे वितरित केल्या.

कवितेतील शहर

कवाफी यांच्या ऐतिहासिक कविता ग्रीक इतिहासाच्या सुवर्णकाळाकडे फारशा वळत नाहीत. त्यांचे लक्ष अलेक्झांडरनंतरच्या मिश्र राज्यांवर, रोमन साम्राज्याच्या कडेवरील नगरांवर आणि बायझंटाइन काळावर असते. अलेक्झांड्रिया, अँटिऑक, बैरूत व सिडोन येथील त्यांची पात्रे ग्रीक बोलतात, पण त्यांचा वंश व धर्म संमिश्र असतो. सत्ता बहुधा दुसरीकडे, बव्हंशी रोममध्ये असते आणि या नगरांतील लोकांना ते ठाऊक असते.

‘अलेक्झांड्रियाचे राजे’ (१९१२) या कवितेत क्लिओपात्राच्या मुलांना पोकळ राजपदे देण्याचा समारंभ आहे. त्यांतील पोकळपणा नागरिकांना उमगलेला असतो, तरी ते उत्सवाचा आनंद घेतात. ‘देव अँटनीला सोडून जातो’ (१९११) ही प्लुटार्कने दिलेल्या आख्यायिकेवर आधारलेली कविता आहे. पराभवाच्या आदल्या रात्री आपल्या देवतेची मिरवणूक शहराबाहेर जाताना ऐकणाऱ्या अँटनीला तीत शहराचा निरोप धीराने घेण्यास सांगितले आहे. ‘रानटी लोकांची वाट पाहताना’ ही कविता १९०४ मध्ये प्रसिद्ध झाली. शत्रूच्या भीतीवरच टिकून असलेल्या राज्यव्यवस्थेचे चित्र तीत आहे.

‘पोसिदोनियाचे लोक’ ही १९०६ मधील कविता मरणोत्तर प्रसिद्ध झाली. दक्षिण इटलीतील एका प्राचीन ग्रीक वसाहतीचे लोक परकीयांत मिसळून आपली भाषा विसरतात आणि वर्षातून एकदा जुना सण साजरा करताना खिन्न होतात, असा तिचा विषय आहे. ‘मिरिस: अलेक्झांड्रिया, इ.स. ३४०’ (१९२९) या दीर्घ कवितेत एक मूर्तिपूजक तरुण आपल्या ख्रिस्ती मित्राच्या अंत्यविधीला जातो. एकत्र मौजमजा केलेल्या मित्राला आपण कधी ओळखलेच नव्हते की काय, ही शंका त्याला तेथे येते. मिश्र समाजातील मैत्रीची मर्यादा या कवितेत विशेष तीव्रतेने आली आहे.

समकालीन इजिप्शियन जीवन त्यांच्या मान्य कवितांत अत्यल्प आहे. दिनशवाई गावात कबुतरांच्या शिकारीवरून ब्रिटिश अधिकारी व गावकरी यांच्यात चकमक झाली आणि जून १९०६ मध्ये चार गावकऱ्यांना फाशी देण्यात आली. या घटनेवर कवाफी यांनी ‘२७ जून १९०६, दुपारी २ वाजता’ ही कविता लिहिली. फाशी गेलेल्या तरुणाच्या आईचा शोक हा तिचा विषय आहे. त्या वेळी ते ब्रिटिश वरिष्ठांच्या हाताखाली नोकरी करीत होते. ही कविता त्यांनी हयातीत प्रसिद्ध केली नाही.

फॉर्स्टर आणि शहराबाहेरची ख्याती

इंग्लिश कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर हे पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या कामासाठी १९१५ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाला आले आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले. कवाफी यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. १९१९ मध्ये त्यांनी एका लंडनच्या साप्ताहिकात कवाफींवर लेख लिहिला. १९२१ मध्ये मध्य भारतातील देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून काम केलेले फॉर्स्टर ते हेच. त्यांचे अलेक्झांड्रियाच्या इतिहासावरील व स्थलदर्शनावरील पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच प्रयत्नांतून टी. एस. एलियट यांच्या ‘द क्रायटेरियन’ या नियतकालिकात १९२४ मध्ये ‘इथाका’ या कवितेचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. तो अनुवाद अलेक्झांड्रियाचे ग्रीक गृहस्थ जॉर्ज वलासोपुलोस यांनी केला होता.

१९२६ मध्ये ग्रीक सरकारने कवाफींना ‘फिनिक्स’ हा सन्मान दिला. १९२७ मध्ये निकोस कझांटझाकिस आणि १९३० मध्ये याच शहरात जन्मलेले इटालियन कवी मारिनेत्ती त्यांना भेटून गेले.

१९२२ आणि भोवतालची बंदरे

कवाफी एप्रिल १९२२ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तचे औपचारिक स्वातंत्र्य मान्य केले होते. १९१९ च्या राष्ट्रीय उठावाचा तो परिणाम होता. सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्याने ग्रीक सैन्याचा पराभव करून स्मर्ना हे बंदर घेतले. त्यानंतरच्या आगीत शहरातील ग्रीक व आर्मेनियन वस्त्या भस्मसात झाल्या. १९२३ च्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात धर्माच्या आधारे लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. थेस्सालोनिकी १९१२ मध्ये ग्रीसकडे गेले होते. तेथील मुस्लिम या अदलाबदलीत बाहेर पडले आणि बहुतांश ज्यू रहिवासी १९४३ मध्ये नाझींनी मृत्युछावण्यांत पाठवले. साम्राज्यांच्या छायेत वाढलेली ही बंदरे राष्ट्रराज्यांच्या सीमांत सामावताना आपली जुनी लोकरचना गमावून बसली.

१९२२ च्या आरंभीच कवाफींनी ‘अकियन संघासाठी लढलेले’ ही छोटी कविता प्रसिद्ध केली होती. इ.स.पू. १४६ मध्ये रोमकडून पराभूत झालेल्या ग्रीकांचा गौरव करणारा मजकूर आणि त्याखाली तो अलेक्झांड्रियात एका अकियनाने लिहिल्याची नोंद, अशी तिची रचना आहे. पुढे कवी जॉर्ज सेफेरिस यांनी तिचा अर्थ आशिया मायनरमधील पराभवाशी जोडला.

अलेक्झांड्रिया या काळात वरकरणी भरभराटीत होते. १९२७ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांहून अधिक भरली. इजिप्तमधील सुमारे ७६ हजार ग्रीक नागरिकांपैकी जवळपास निम्मे याच शहरात होते. मात्र शहरातील बहुसंख्य लोक अरबी बोलणारे इजिप्शियन होते आणि देशाच्या कारभारात त्यांचा वाटा वाढत होता.

अखेरचे दिवस

१९३२ मध्ये कवाफी यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारासाठी ते अथेन्सला गेले. तेथे श्वासनलिकेवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली आणि ते चिठ्ठ्या लिहून संवाद साधू लागले. त्यांनी अथेन्समध्येच राहावे, असे काही स्नेह्यांना वाटत होते. ते मात्र त्याच वर्षी अलेक्झांड्रियाला परतले. १९३३ च्या आरंभी प्रकृती खालावल्यावर त्यांना घराजवळच्या ग्रीक रुग्णालयात हलवण्यात आले. २९ एप्रिल १९३३ रोजी, सत्तराव्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. शातबी येथील ग्रीक ऑर्थोडॉक्स दफनभूमीत कुटुंबाच्या जागेत त्यांचे दफन झाले. अँटिऑकवरील एक कविता त्यांनी अखेरच्या महिन्यांत लिहिली.

त्यांच्या १५४ कवितांचे पहिले पुस्तक १९३५ मध्ये रिका सेंगोपुलू यांच्या संपादनाखाली अलेक्झांड्रियातच प्रसिद्ध झाले. ग्रीक विद्वान जी. पी. साव्विदिस यांनी १९६३ मध्ये काढलेली आवृत्ती पुढील अभ्यासाचा आधार ठरली.

मृत्यूनंतरचे शहर

कवाफी यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांत त्यांच्या परिचयाचा समाज संपुष्टात आला. १९३७ च्या माँत्रो परिषदेत परकीयांच्या सवलती रद्द करण्याचे ठरले. परकीयांच्या खटल्यांसाठी १८७६ पासून चालू असलेली मिश्र न्यायालये १९४९ मध्ये बंद झाली. १९५२ च्या क्रांतीनंतर राजा फारूक अलेक्झांड्रियाच्या बंदरातूनच देशाबाहेर गेला. २६ जुलै १९५६ रोजी गमाल अब्देल नासर यांनी याच शहरातील मन्शिया चौकातून सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्यानंतर झालेल्या ब्रिटन, फ्रान्स व इस्रायलच्या आक्रमणामुळे ब्रिटिश व फ्रेंच नागरिकांची हकालपट्टी झाली. ज्यू रहिवाशांपैकी बहुतेकांना देश सोडावा लागला. १९६१ च्या राष्ट्रीयीकरणात कापसाच्या पेढ्या, बँका व कारखाने सरकारजमा झाले. त्यानंतर ग्रीक कुटुंबे अथेन्स, ऑस्ट्रेलिया व कॅनडाकडे निघून गेली. शहर मात्र वाढतच राहिले. इजिप्तच्या अंतर्भागातून येणाऱ्या लोकांमुळे ते काही दशलक्ष वस्तीचे अरबी भाषक महानगर बनले.

मूल्यमापन व मतभेद

लॉरेन्स ड्युरेल यांच्या १९५७ ते १९६० या काळात प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांड्रियाविषयक चार कादंबऱ्यांत कवाफी हे शहराचे वृद्ध कवी म्हणून येतात. या कादंबऱ्यांमुळे त्यांची कीर्ती इंग्रजी वाचकांत दूरवर पसरली, पण त्यांच्या नावाभोवती गतवैभवाच्या हळहळीचे वलयही निर्माण झाले. खालिद फहमी व हाला हलीम यांसारख्या इजिप्शियन अभ्यासकांनी या दृष्टीवर आक्षेप घेतले आहेत. त्यांच्या मांडणीनुसार सर्वसमावेशक अलेक्झांड्रियाच्या रूढ वर्णनात शहरातील बहुसंख्य इजिप्शियन लोक अदृश्य राहतात, तसेच परकीयांचे स्थान वसाहतवादी सत्ता व विशेष कायद्यांवर उभे होते हेही झाकले जाते. दुसरीकडे, शहरात जन्मलेल्या आणि ते सोडावे लागलेल्या सामान्य ग्रीक, ज्यू व इटालियन कुटुंबांच्या दृष्टीने ते केवळ परकीय वसाहत नव्हते. त्यांच्यातील अनेक जण कारकून, शिंपी, दुकानदार व कामगार होते आणि त्यांना दुसरा देश ठाऊक नव्हता.

कवाफी यांच्या कवितेचा आधार या दोन्ही बाजूंनी घेतला जातो. त्यांनी समकालीन इजिप्शियन समाजाला आपल्या प्रसिद्ध कवितांत फारसे स्थान दिले नाही, हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र त्यांनी आपल्या शहराचा सुवर्णकाळही रंगवला नाही. त्यांच्या कवितेतील बंदरे सुखी असतानाही परावलंबी असतात, त्यांतील सहजीवन खरे असूनही नाजूक असते आणि त्याचा शेवट सुज्ञ पात्रांना आधीच दिसत असतो. पेढीचे दिवाळे, १८८२ ची आग आणि भावांचे एकेक जाणे यांतून ही जाणीव त्यांच्या वाट्याला शहरातील इतरांच्या बरीच आधी आली होती.

स्मृती

लेप्सियस रस्त्यावरील त्यांच्या सदनिकेत काही काळ एक साधे अतिथिगृह चालत असे. १९९२ मध्ये तेथे कवाफी संग्रहालय सुरू झाले. नूतनीकरणानंतर ते २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. त्यांच्या हस्तलिखितांचा व कागदपत्रांचा संग्रह ओनासिस प्रतिष्ठानाने २०१२ मध्ये संपादन केला असून तो अथेन्समध्ये जतन केला आहे. ज्या रस्त्यावर ते राहिले, त्याला आता त्यांचे नाव देण्यात आले आहे.